तोच कुसुंब

नाना खोबरेकरांना उभ्या जन्मात एकदाच चकवा लागला, आणि तोही त्यांना सोडून बरोबरच्या एकोणीस जणांना लागला. ही गोष्ट अजून घडायची आहे, तेव्हा तिला खोटी म्हणण्याची घाई कुणी करू नये. दहा-बारा वर्षं थांबावं आणि मग काय ते म्हणावं.

नाना म्हणजे मोरेश्वर खोबरेकर. चौतीस वर्षं शिवडी-लालबागच्या बाजूला टपाल वाटलेला पोस्टमन. पाकिटावर नुसतं 'बंडूच्या मावशीस, पिंपळाजवळ' एवढंच लिहिलेलं असलं तरी ते पत्र मावशीच्या हातात पडायचं. मावशी गावाला गेली असेल तर गावाला जाऊन द्यायचो, असंही नाना सांगत. बंडूला मात्र यातलं काही आठवत नसे.

आता वय त्र्याहत्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. शिवडीच्या दोन खोल्यांत एकटे, आपला भात आपण शिजवून खाणारे. पण तीन महिन्यांपूर्वी दोन गोष्टी घडल्या. एकदा ते चौथ्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि बागवानांच्या कुलपाशी दहा मिनिटं किल्ली घेऊन झटापट करत बसले. आणि दुसऱ्यांदा गॅसचा लायटर फ्रीजमध्ये सापडला, वांग्यांच्या शेजारी. दोन्ही बातम्या मुलुंडला मुलीकडे पोचल्या. नाना म्हणत, टपाल खात्यालासुद्धा कधी इतकी घाई झाली नव्हती.

मुलगी वैजयंती शाळेत उपमुख्याध्यापिका. घरी बोलतानाही माणसाच्या वाक्याखाली लाल रेघ मारतेय असं वाटावं, अशी नजर. तिने नानांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी एक कागद दिला. अनोळखी जागी वाटाड्याबरोबर अर्धा दिवस फिरवून आणा, आणि परत आल्याबरोबर, घरी जायच्या आधी, फिरलेला रस्ता त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या.

"नकाशा जमला तर शिवडी," वैजू म्हणाली. "नाही जमला तर तळेगाव. नाना, जागा छान आहे हो. बाग आहे, नर्स आहे. खोली सोमवारपर्यंत धरून ठेवलीय."

"चार-एक-शून्य, पाच-शून्य-सहा," नाना म्हणाले.

"काय ते?"

"तळेगावचा पिनकोड."

"पिनकोड विचारलेला नाही," वैजू म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली. नानांना ते दिसलं. म्हणूनच ते शनिवारी मुकाट्याने नवे बूट घालून निघाले.

*

करंजवन म्हणजे खाडी आणि उपनगरं यांच्या मधोमध उरलेलं जंगल. तिन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस मजली इमारती वाकून बघणाऱ्या, चौथ्या बाजूला खारं पाणी. सकाळी सात ते बारा, आठ किलोमीटरची रानवाट, रोज वीस-वीस माणसांच्या चाळीस टोळ्या. इतकी माणसं जाऊनही जंगल जसंच्या तसं कसं, याचं कौतुक वर्तमानपत्रांतून येऊन गेलं होतं. कसं, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

फाटकावर मोबाईल आणि घड्याळं जमा करून घेतली. बदल्यात प्रत्येकाला एक पट्टी मिळाली. मानेमागून येऊन दोन्ही कानांच्या मागच्या हाडावर चिकटणारी. तिचं नाव 'सोबत'.

काउंटरवरच्या मुलीने पाठ केलेलं सांगितलं. माणसाच्या कानात नुसती ऐकण्याची सोय नसते. अगदी आत बोटाच्या पेराएवढ्या जागेत तीन कमानदार नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी मागे राहतं, आणि नस मेंदूला कळवते, 'वळलो बरं का.' डोळे मिटूनही आपल्याला वळण कळतं ते यामुळे. सोबत ही पट्टी त्या नसेला हलकासा विजेचा झटका देते. मुंगी चालल्याइतका. पाय घसरायला लागला की पट्टी मेंदूला आधीच सावध करते आणि तोल सावरतो. दरीच्या बाजूला झुकलात तर ती तुम्हाला अलगद इकडे वळवते, तुमच्या नकळत.

"म्हणजे आपण वळलो तरी आपल्याला कळणार नाही?" नानांनी विचारलं.

"पडणार नाही ना काका, ते महत्त्वाचं," मुलगी म्हणाली.

वैजूने दोघांचे फॉर्म भरले. कानाचा आजार किंवा शस्त्रक्रिया? तिने दोन्हीकडे 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

वाटाडी पन्नाशीची वारली बाई होती. खाकी शर्ट, खाली काष्टा घातलेलं लुगडं, पायांत काहीच नाही. "मी लाडकी धिंडा," ती म्हणाली. "मी सगळ्यांना अरे-तुरे करते. आमच्यात तसंच. साहेब असला तरी रानात घाम सारखाच येतो. चला."

*

पहिला अर्धा तास छान गेला. मार्च होता, पानगळ होऊन गेलेली, पण बांबूची दाटी अशी की आभाळ फाटक्या गोणपाटासारखं तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं. मग एक कुसुंब आला. नव्या पालवीने नखशिखान्त लाल. लांबून पेटल्यासारखा. त्याच्या खोडात छातीच्या उंचीवर एक ढोली होती, आडवी, बरोब्बर टपालपेटीच्या तोंडाएवढी. नानांचा हात आपोआप तिकडे गेला.

नानांच्या मनगटावर नेहमीसारखे रबरबँड होते. पत्रांचे गठ्ठे बांधायचे. नोकरी सुटली, रबरबँड सुटले नाहीत. एका इमारतीचं वाटप झालं की जिन्याच्या गजाला एक अडकवायचा, म्हणजे गप्पांच्या नादात पुन्हा तीच इमारत चढायला नको, ही त्यांची जुनी पद्धत. त्याच सवयीने त्यांनी ढोलीखालच्या मोडक्या फांदीला एक रबरबँड अडकवला.

"मुक्काम एक," लाडकी म्हणाली. शेजारी लाकडी पाटी होती.

ओढा ओलांडला, एक चढण चढली, वारुळांची रांग बघितली. लाडकी गोष्टी सांगत होती, आणि दाताचे डॉक्टर उपासनी दर पाच मिनिटांनी "पावलं किती झाली?" म्हणून पट्टीला विचारत होते. टिपणीसबाई म्हणाल्या, "मी तिसऱ्यांदा येतेय हो. दर वेळी वेगळंच दिसतं!"

आणि समोर कुसुंब आला. लाल. ढोलीचा. मोडक्या फांदीला रबरबँड.

"हा मघाच्या कुसुंबाचा धाकटा भाऊ," लाडकी म्हणाली. "मुक्काम दोन."

"वैजू," नाना हळूच म्हणाले, "हे तेच झाड."

"नाना, पाऊण तास आपण सरळ चाललोय. एकदा फक्त जरासं उजवीकडे."

"जरासं? वैजू, आपण गोल फिरून आलो. ऊन मघाशी उजव्या गालावर होतं, मग डाव्यावर आलं, आता परत उजव्यावर."

"ऊन सरकतं हो आजोबा," डॉक्टर उपासनी म्हणाले. "चार हजार पावलं झाली. पावलं काय खोटं बोलतात?"

पावलं खोटं बोलत नव्हती. नानांचे पोटरीचे गोळेही तेच सांगत होते. त्यांनी वैजूला फांदीवरचा रबरबँड दाखवायला हात वर केला, पण ती वही काढून काहीतरी लिहीत होती. ते 'काहीतरी' काय असणार ते ओळखून नानांनी हात खाली घेतला. मात्र कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याच फांदीला दुसरा रबरबँड अडकवला. आता बघतोच, मनाशी म्हणाले.

पुन्हा ओढा. पुन्हा चढण. वारुळं. नानांच्या डाव्या कानामागे मुंग्या येत होत्या, कुणीतरी बाहीला धरून हळूच ओढतंय असं वाटत होतं. त्यांनी ओढू दिलं नाही, पण पाय टोळीबरोबरच पडत राहिले. कुसुंब आला. "मुक्काम तीन," लाडकी म्हणाली.

ढोली तीच. मोडकी फांदी तीच.

रबरबँड एकही नाही.

नानांनी फांदीखालचा पाचोळा पायाने उकरून बघितला. त्यांनी मनगट बघितलं. तीन रबरबँड. सकाळी पाच होते ना? की तीनच होते? आपण अडकवले, की अडकवावेत असं नुसतं मनात आलं? बागवानांच्या दाराशी उभे होते तेव्हाही त्यांना शंभर टक्के खात्री होती, की हा चौथाच मजला आहे. खात्रीचं काय घेऊन बसलात! ती तर त्या दिवशीही होती.

माणूस घाबरला की आईकडे जातो. नानांची आई मालवणकडची. ती सांगायची, रानात एकाच झाडाशी तीनदा आलास की समजायचं, चकवा लागला. पळायचं नाही. खाली बसायचं आणि उजवी चप्पल डाव्या पायात, डावी उजव्यात घालायची. चकवा पायांच्या ओळखीने धरतो, त्याची ओळख बुजवायची.

नाना कुसुंबाखाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि बूट उलटे घालून उभे राहिले.

कुणी हसलं. डॉक्टर उपासनी तर मोठ्यानेच. "आजोबा, दात उलटा बसवता येत नाही, पण तुम्ही बूट बसवलात!"

वैजू हसली नाही. ती जवळ आली आणि वर्गातल्या पोराशी बोलावं तसं, पण अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नाना, काय करताय?"

"चकवा लागलाय, वैजू. तूही सँडल बदल."

तिने वही उघडली, पेन टेकवलं, आणि काही न लिहिता मिटली. ते लिहिण्याहून वाईट होतं. तळेगावची ती खोली नानांना दिसायला लागली, बागेसकट, नर्ससकट.

*

विश्रांतीला कारवीच्या कुडाची झोपडी होती. तिथे लाडकीने सगळ्यांना कोकमाचं पाणी दिलं. नाना मागच्या बाजूला एकटेच, बदकासारखे पाय टाकत जाऊन बसले. लाडकी आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"तुझा कान कुठला मेला?"

"उजवा," नाना म्हणाले. मग चमकून, "तुला काय माहीत?"

"मुंडी बघितली तुझी. सगळ्यांच्या मुंड्या एकदम वळतात. तुझी मागून वळते, वाट बघून. कधी मेला?"

"पन्नाशीत. गरगर फिरायचं सगळं, उलट्या व्हायच्या. मग डॉक्टरने आतली तोलाची नसच कापली. ऐकू येतं, पण तोल एका कानावर आणि दोन डोळ्यांवर."

"म्हणूनच." लाडकीने मूठ उघडली. आत दोन रबरबँड होते.

नानांनी ते घेतले नाहीत आधी. मग बोटाने एकेक हलवून बघितले, खरे आहेत का म्हणून. "म्हणजे मी वेडा नाही?"

"ते मला काय माहीत बाबा? झाड एकच आहे, एवढं माहीत आहे."

मग तिने सांगितलं, आणि पाठ केलेलं सांगितलं नाही. पट्टी जशी तोल सावरते, तशी वळणही खाते. वाट डावीकडे वळते तेव्हा ती मेंदूला सांगते, 'सरळच आहे.' मेंदू डोळ्यांशी भांडतो, पण शेवटी कानाचंच ऐकतो. आणि आपण सरळ आलो म्हटल्यावर हे झाड मघाचं कसं असेल? दुसरंच असणार. माणूस स्वतःच स्वतःला पटवतो. नानांचा मेंदू मात्र उरलेल्या एका कानापेक्षा डोळ्यांचं जास्त ऐकत होता. पाटीवरचा आकडा तेवढा लाडकी जाता-जाता फिरवायची. अशी एकेका टोळीची सगळी रानवाट अवघ्या चार एकरांत घडी घालून ठेवलेली. शहरात दोन खोल्यांत नऊ माणसं राहतात, तसं हे.

"तुझ्याही मानेला पट्टी आहे की."

"आत मसाला नाही. नुसता पट्टा."

"आणि बाकीचं जंगल?"

लाडकी उठली आणि त्यांना कुडाच्या मागे बांबूच्या आडापर्यंत घेऊन गेली. पलीकडे मऊ धूळ होती. धुळीत पावलं उमटलेली, एक मोठं, वाटीएवढं. त्याच्या भोवती दुसरी, इवलीइवली, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, दोन जोड्या. कुठे सरळ, कुठे एकमेकांवर लोळण घेतलेली.

"आठ दिवसांची पोरं असताना आणली वाघिणीने इथे. आता चालतात," लाडकी म्हणाली. "वाघबारशीला आम्ही वाघोबाला नारळ देतो आणि सांगतो, तू तिकडे, आम्ही इकडे. वाघ ऐकतो. माणसाला सांगून बघितलं, दोरी बांधून बघितली. ऐकत नाही. मग हे आलं." तिने मानेच्या पट्टीवर टिचकी मारली. "रोजची आठशे माणसं खऱ्या रानात सोडली तर दिवाळीपर्यंत अंगण होईल, झाडून काढलेलं."

"मला फाटकावर पोरीला याचा नकाशा काढून दाखवायचाय. पण हे लबाडी नाही का?"

"आहे ना." लाडकीने खांदे उडवले. "तू ओरड. मी अडवणार नाही. तुझ्या पोरीची पट्टी उजव्याची डावीकडे कर, बुटांसारखी. वीज उलटी जाईल. पुढच्या वळणाला तिला एका पावलात कळेल सगळं. तुझी आई शहाणी होती."

*

वैजू झोपडीच्या पुढे दगडावर बसली होती, पाठमोरी. वही मांडीवर. नाना मागे जाऊन उभे राहिले. पट्टी मानेवर सैल बसलेली, दोन बोटांनी उलटली असती. एक हिसका, एक वळण, आणि तळेगाव संपलं. त्यांनी हात पुढे केला.

पण चौतीस वर्षांत पोस्टमन एक गोष्ट शिकतो. ती कुठल्या नियमात नसते. ज्या घराच्या दाराला आंब्याच्या पानांबरोबर कडुलिंबाचा डहाळा लावलेला दिसतो, आत बाळंतीण आहे असं कळतं, तिथे कडी वाजवायची नसते. तार असो, रजिस्टर असो. शेजारी द्यायचं, सही आणायची, आणि पायरी न वाजवता उतरायचं.

"काय झालं?" वैजूने मान न वळवता विचारलं. तिचा आवाज रडून कोरडा झालेला होता. "नाना, मला तुम्हाला कुठेही पाठवायचं नाहीये हो. पण तुम्ही रात्री गॅस चालू ठेवून झोपलात, तर मी काय करू?"

नानांची दोन बोटं पट्टीवर होती. त्यांनी ती सरकलेली पट्टी सरळ केली, नीट, दोन्ही कानांच्या मागे बरोब्बर.

"पट्टी वाकडी झाली होती," ते म्हणाले. मग दगडावर बसून बूट काढले आणि उजवा उजव्यात, डावा डाव्यात घातला.

शेवटच्या फेरीत लाडकी एकाएकी फार बोलायला लागली, मागच्या मुक्कामांच्या दिशाही पुन्हा सांगायला लागली. "हा बघा ओढा, आता आपण ईशान्येला आलो. ही टेकडी, हिच्या डोक्यावरून उत्तरेला. हा वारुळांचा माळ, फाटकापासून पाच किलोमीटर." टिपणीसबाई म्हणाल्या, "बाई आज अगदी रंगात आहेत!" नाना पत्ते पाठ करत होते. ओढा, ईशान्य, मुक्काम दुसरा. टेकडी, उत्तर, तिसरा. नसलेल्या गल्ल्या, नसलेली घरं, पण क्रमाने. आयुष्यभर त्यांनी खरे पत्ते शोधले होते. खोटे पाठ करायला त्याहून जास्त अक्कल लागते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. कुसुंबाशी आल्यावर त्यांनी ढोलीला हात लावला आणि "मुक्काम चार" असं सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने म्हटलं. लाडकीने पाटी फिरवली आणि दुसरीकडे बघून हसली.

*

फाटकाजवळच्या बाकावर वैजूने कोरा कागद ठेवला. नानांनी पेन्सिल घेतली आणि एका दमात आठ किलोमीटर काढले. ओढ्याला दोन वळणं, टेकडी, माळ, चार कुसुंब चार ठिकाणी, प्रत्येकाखाली नीट अक्षरात मुक्कामाचा आकडा. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. सवयीने खाली पिनकोडसुद्धा.

वैजूने फाटकावर मिळालेलं रानवाटेच्या नकाशाचं छापील पत्रक शेजारी धरलं. पुन्हा पुन्हा बघितलं.

"नाना, हे… हे सगळं बरोबर आहे. अगदी सगळं."

"मग?"

"मग तोच कुसुंब, तोच कुसुंब काय चालवलं होतंत?"

"तुझी गंमत केली."

"आणि बूट?"

"नवे आहेत. चावत होते. बाजू बदलून बघितली."

"गंमत!" वैजूने वही त्यांच्या दंडावर आपटली, एकदा, दोनदा, आणि मग त्याच दंडात तोंड लपवून हसली की रडली ते तिचं तिलाही कळलं नसावं. "माझा जीव गेला होता इथे! तुम्ही ना… शिवडीला जा. राहा एकटेच. पण लायटर फ्रीजमध्ये ठेवायचा नाही."

"तो खरंच मीच ठेवला होता," नाना म्हणाले. आज कुठेतरी एक खरं बोलावं असं त्यांना वाटलं असावं.

उजव्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा वैजू बारावीत होती. आठ दिवस इस्पितळात डबा तीच आणायची. तरी फॉर्मवर तिने 'नाही' लिहिलं होतं. नानांनी मनातल्या मनात तिच्या नावापुढे लाल खूण केली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, आणि खोडून टाकली.

पट्ट्या परत घेतल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पाच-दहा मिनिटं जरा गरगरेल हं, घाबरू नका." बाहेर पडलेली एकोणीस माणसं अंगणात सोडलेल्या कोंबड्यांसारखी पांगली. डॉक्टर उपासनी ठामपणे खाडीकडे चालू लागले. टिपणीसबाई पुन्हा आतच निघाल्या होत्या, त्यांना पहारेकऱ्याने वळवलं.

वैजूने नानांचा दंड घट्ट धरला. "गरगरतं म्हणे नाना. सांभाळून. मला धरून चला, मी नेते तुम्हाला."

"बरं," नाना म्हणाले.

ती डावीकडे वळली. बसथांबा उजवीकडे होता. नानांनी फक्त कोपर तिच्या बरगडीला हलकंसं लावलं, मुंगी चालल्याइतकं, आणि दोन पावलांनी पुन्हा. वैजू बोलता-बोलता अर्धं वर्तुळ वळली आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

थांब्यावर पोचल्यावर तिने सुस्कारा सोडला. "बघा, आणलं की नाही सरळ?"

"तू सोबत होतीस म्हणून," नाना म्हणाले.